काचेपलीकडचे पाणी

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला मासा काही नवा नाही. पहिल्या पावसात ओढ्याला लोंढा आला, की वलगणीचे मासे धरायला सारा गाव बाहेर पडतो. पण तो मासा दिसतो टोपलीत. पोहणारा मासा काचेतून न्याहाळण्याची सार्वजनिक सोय झाली ती १८५३ साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयात. मुंबईला त्यासाठी जवळजवळ शंभर वर्षे थांबावे लागले.

१९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. खर्च ८ लाख रुपये. त्यांतले २ लाख देणाऱ्या पारशी दात्याचे नाव वास्तूला मिळाले. ते पाहायचे तर शहापूरकराने आसनगावला गाडी धरावी, मुरबाडकराने एसटीने कल्याण गाठावे. २०१५ मध्ये मत्स्यालय नव्या रूपात खुले झाले. पूर्वी माणूस टाक्यांसमोरून चालत जाई. आता पारदर्शक बोगद्यातून जाताना मासे डोक्यावरून पोहू लागले. पुढे इमारत जीर्ण झाली आणि दारे मिटली.

या दोन काळांतल्या भेटी ताडून पाहिल्या, तर देखावा बदललेला दिसतो. मूळ व्यवहार तोच. टाकीतल्या पाण्याचा खारटपणा, प्राणवायू, स्वच्छता, सारे कोणीतरी रात्रंदिवस सांभाळावे लागते.

बंदिस्त रोहित पक्ष्याचे, म्हणजे फ्लेमिंगोचेही तसेच. त्याचा गुलाबी रंग उपजत नसतो. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतून तो पिसांत उतरतो. पिंजऱ्यात हा आहार तुटला, की पिसे झडून नवी येताना फिकट येतात. म्हणून पाळणारे खाद्यात रंगद्रव्य मिसळतात. कृष्णधवल छायाचित्रात ही फिकट कळा लपून जाई. रंगीत फिल्मने ती उघडी पाडली. तरी कॅमेरा लबाडी करतोच बघा! भिंग जाळीलगत धरून पुरते उघडले, की जाळी चित्रातून नाहीशी होते. पक्षी मोकळा भासतो. पंख मात्र छाटलेले असू शकतात.

मोकळा रोहित पाहायचा तर ठाण्याची खाडी आहे. तिथे २०१५ मध्येच सुमारे १,६९० हेक्टरांचे अभयारण्य जाहीर झाले. तिथला गुलाबी रंग चिखलातून पक्ष्याने स्वतः मिळविलेला.

आता शहापूरकडे वळू. १८९२ पासून तानसाचे पाणी नळातून मुंबईला जाते. पुढे वैतरणा आणि भातसाही त्यात आल्या. म्हणजे मुंबई हीसुद्धा दुसऱ्याने भरलेली टाकीच की! आणि ती भरणाऱ्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट पाहतात. म्हणून काचेपलीकडचा रंगीत मासा मुलांना जरूर दाखवावा. पण हे पाणी कोठून आले, आणि कोणाच्या हंड्यातून, हेही त्यांना विचारायला शिकवावे.