स्वतंत्रपूर

'दो आँखें बारह हाथ' पाहिलेल्यांना जेलर आदिनाथ आठवतो, ते सहा खुनी आठवतात. पण ही कथा ज्या गावावरून सुचली त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते. ते गाव म्हणजे सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर. १९५७ च्या या चित्रपटाची कथा गदिमांची, आणि गदिमा माडगूळचे, म्हणजे त्याच मुलखातले. हा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांमुळे ओळखले जातात. स्वतः चित्रे काढायचे, कीर्तनही करायचे. १९३९ मध्ये त्यांनी प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना लागू केली. त्या कामात गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब होते आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनियर होता. बंगळूरची मोठी नोकरी सोडून आलेला हा अवलिया! (यानेच पुढे निसर्गदत्त महाराजांच्या निरूपणांचे इंग्रजी पुस्तक केले. महाराजांचे बालपण आमच्या सिंधुदुर्गातल्या कांदळगावात गेले. धागे कुठून कुठे जातात पाहा. असो.)

त्याच १९३९ साली फ्रीडमनच्या पुढाकाराने स्वतंत्रपूर वसले. कल्पना अगदी साधी. शिक्षा झालेल्या माणसाला भिंतीआड कोंडायचे नाही. त्याला जमीन द्यायची, बायकामुलांसह राहू द्यायचे, कसून खाऊ द्यायचे. शिक्षा चालूच, पण सकाळी उठून बैलाला वैरण घालायची, मुलाच्या तापाची काळजी करायची. तीही माणदेशात, जिथे पाऊस भरवशाचा नाही.

पडद्यावर सगळा भार जेलरच्या दोन डोळ्यांवर आहे. चित्रपट म्हणून ते ठीक, पण मला ते थोडे खटकते. त्यामुळे असे वाटू लागते की एखादा देवमाणूस भेटला तरच कैदी सुधारतो. स्वतंत्रपूर देवमाणसावर अवलंबून नव्हते. १९४८ मध्ये औंध विलीन झाले, राजा गेला, फ्रीडमन आपल्या वाटेने गेला, तरी वसाहत टिकली. आज ती राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे. माणसाला धरून ठेवणारी गोष्ट घर आणि शेत हीच होती, असे मला वाटते.

मी हे पिंगुळीच्या नजरेतून पाहतो. आपल्याकडे १९५९ च्या नियमांनुसार कैद्याला संचित रजा आणि अभिवचन रजा मिळते. माणूस काही आठवड्यांसाठी गावी येतो, पोलीस ठाण्यात हजेरी लावतो. कागदावर देखरेख पूर्ण! पण भातलावणीला त्याला कोणी हाक मारतो का, जत्रेत त्याच्या शेजारी कोण बसतो, त्याच्या मुलीचे लग्न जमते का, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते. शहरात माणूस गर्दीत मिसळून जाईल. इथे वाडीतल्या प्रत्येकाला त्याचा गुन्हा तारखेसकट पाठ असतो. शिवाय ज्याच्यावर त्याने हात उचलला त्याचे घरही दोन कुंपणे सोडून असते, आणि त्यांचे दुःखही खोटे नाही. अशा वेळी मध्ये उभे राहणारे कोणीतरी लागते. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून सुटलेल्यांसाठी हे काम करतो. वाडीत ते कोणी करायचे?

खुली कारागृहे राज्यात पुढे येरवड्याला झाली, पैठणला झाली. कुटुंबासह राहायची वसाहत मात्र आटपाडीचीच. तिथे जागा २८ कैद्यांची.