उसना आवाज

परवा रात्री 'लॅम्प ऑफ मर्मर'चा 'सॅटर्नियन ब्लडस्टॉर्म' (२०२३) ऐकत होतो. अमेरिकेत एकाच माणसाने सुरू केलेला हा ब्लॅक मेटल बँड. पण गिटारचं माहेर नॉर्वेतलं! 'इमॉर्टल'चा १९९९चा 'अ‍ॅट द हार्ट ऑफ विंटर' ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

मग मागे मागे जात राहिलो. या संगीताला नाव मिळालं इंग्लंडच्या 'व्हेनम'च्या १९८२च्या अल्बमवरून. खरखरीत आवाज दिला स्वीडनच्या 'बाथरी'ने. त्यांचा १९८४चा पहिला अल्बम स्टॉकहोममधल्या एका गॅरेजच्या स्टुडिओत, जेमतेम पैशांत झाला. नॉर्वेच्या 'डार्कथ्रोन'चं मात्र उलटं. १९९१चा पहिला अल्बम त्यांनी चांगल्या स्टुडिओत केला, आणि १९९४चा 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' मुद्दाम घरी, फोर-ट्रॅक रेकॉर्डरवर. एकाची अडचण ती दुसऱ्याची शैली! आज लॅपटॉपवर स्वच्छ आवाज सहज मिळतो, तरी नवी पोरं मेहनत करून तीच खरखर आणतात.

पण वारसा नुसता आवाजाचा नसतो. १९९२ साली बर्गनमधलं फँटॉफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं. १९९३ साली 'बर्झम'च्या विकेर्नेसने 'मेहेम'च्या युरोनिमसचा खून केला. आणि 'ट्रान्सिल्वेनियन हंगर'मधल्या चार गाण्यांचे शब्द याच विकेर्नेसचे. पहिल्या आवृत्तीच्या मागच्या बाजूला तर 'आर्य ब्लॅक मेटल' असं छापलं होतं.

मी ऐकणं सोडलेलं नाही. पण हल्ली नवा अल्बम घेण्याआधी गाण्यांचे शब्द वाचतो. आवाज उसना घेतलात, ठीक आहे. द्वेषही घेतलात का, एवढंच बघायचं असतं.

असो.