अख्खा वाडा की दोनच खोल्या?

मोठ्या सॉफ्टवेअरचा सगळा कोड आणि त्यात आजवर झालेले सगळे बदल जिथे नोंदवून ठेवतात, तिला रिपॉझिटरी म्हणतात. आता ज्याला त्यातल्या दोनच फोल्डरांत काम आहे, त्याने सगळा डोलारा आपल्या संगणकावर का आणावा? प्रश्न साधा आहे, पण त्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

जुन्या जमान्यात हा प्रश्न नव्हताच. १९८६ मध्ये डिक ग्रून यांचं सीव्हीएस आलं, २००४ मध्ये सबव्हर्जनची १.० आवृत्ती आली. दोन्हींची रीत एकच. इतिहास सर्व्हरवर, तुम्हाला हवं तेवढं फोल्डर मागून घ्या. सोय होती, पण किल्ली दुसऱ्याकडे! सर्व्हर बंद पडला की जुन्या नोंदी पाहणंही बंद.

एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं. लिनक्सची मंडळी तोवर बिटकीपर वापरत होती आणि ते फुकट वापरण्याची मुभा काढून घेतली गेली होती. गिटमध्ये ज्याने प्रत घेतली त्याच्याकडे पूर्ण इतिहास आला. याची किंमत २०११ मध्ये कळली. कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं त्या ऑगस्टमध्ये उघडकीस आलं. पण गिटमधल्या प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरूनच काढलेली खूण असते आणि लिनक्सच्या प्रती हजारो लोकांकडे होत्या. जुना इतिहास गुपचूप बदलणं जवळजवळ अशक्यच होतं.

मग अडलं कुठे? आकारापाशी. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजचा कोड गिटमध्ये आणला तेव्हा सुमारे ३५ लाख फाईली आणि ३०० जीबींचा पसारा होता. नुसती प्रत घ्यायला १२ तासांहून जास्त! त्यांनी जीव्हीएफएस नावाची युक्ती काढली. फाईली सगळ्या दिसायच्या, पण उघडाल तेव्हाच सर्व्हरवरून उतरायच्या. प्रत काही मिनिटांत तयार.

खुद्द गिटमध्येही वाटा निघाल्या, आणि त्यांची गल्लत करू नये. २०१० मध्ये आलेल्या स्पार्स चेकआउटमध्ये कामाच्या फोल्डरात मोजक्याच फाईली मांडल्या जातात, पण इतिहास पूर्ण तुमच्यापाशीच राहतो. (त्यासाठी सुटसुटीत कमांड मात्र थेट जानेवारी २०२० मध्ये मिळाली.) २०१८ मध्ये आलेल्या पार्शल क्लोनमध्ये फाईलींचा मजकूरच मागे ठेवता येतो आणि लागेल तेव्हा सर्व्हरकडे मागितला जातो.

म्हणजे पाहा, फिरून पुन्हा सर्व्हरच्या दारात! सातबारा तलाठ्याकडे, आपल्या हातात फक्त उतारा. रोजच्या कामाला उतारा पुरतो. दप्तर जळालं तर मात्र उताऱ्यांवरून ते पुन्हा उभं करता येत नाही.

यात कुणाचा दोष नाही. एका बटणाचा रंग बदलणाऱ्याने ३०० जीबी का उतरवावेत? पण पूर्वी प्रत्येक प्रत आपोआप राखण करत होती. ते काम आता कुणीतरी मुद्दाम अंगावर घ्यायला हवं. आपापल्या दोन खोल्यांत खुशाल राहावं, फक्त अख्खा वाडा कुणाकुणाकडे शाबूत आहे, एवढं विचारत राहावं.