पेव, कणगी आणि कोठी

सिमेंट कारखान्यामुळे ओळखल्या जाणाऱ्या गडचांदूरात 'सायलो' म्हटले की सिमेंटची उंच टाकी डोळ्यांसमोर येते. धान्य मात्र परंपरेने कणगीत, म्हणजे शेणमातीने लिंपलेल्या बांबूच्या उभ्या पाटीत राहिले. महाराष्ट्रातील धान्यकोठारांचा इतिहास याहून जुना असून, पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन उत्खननात साठवणीचे खड्डे सापडले आहेत. पुढील काळातील पेव, म्हणजे जमिनीखालचे अरुंद तोंडाचे कोठार, याच परंपरेतले. बंद पेवात दूषित हवा साचत असल्याने ते उघडताच कोणी आत उतरत नसे. आता बहुतेक पेवे बुजली, उरला तो 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार.

पन्हाळ्याचा अंबारखाना मात्र उभा आहे. गंगा, यमुना व सरस्वती या तीन कोठ्यांपैकी गंगा कोठी सुमारे 10.7 मीटर उंच असून, तिच्या सोळा खणांच्या घुमटाकार छताला ठेवलेल्या भोकांतून धान्य वरून ओतले जाई. 1660 मध्ये सिद्दी जौहरने महिनोन्‌महिने घातलेल्या वेढ्याचा विचार करता, गडाचे बळ तटाइतकेच अशा कोठारांत होते, हे बखरींच्या वाचकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

जुन्या कोठारांना कुठे नवा उपयोगही मिळतो: केपटाऊनमध्ये 1920 च्या दशकातील बंद पडलेल्या काँक्रीटच्या धान्यकोठारात 2017 साली कलासंग्रहालय सुरू झाले. पन्हाळ्याच्या कोठ्यांना मात्र तसा उपयोग मिळालेला नाही. त्या संरक्षित स्मारक म्हणून रिकाम्या उभ्या आहेत.