गोळी आधी आली, कायदा मागून बदलला

उर्दूत कुष्ठरोगाला ‘जुज़ाम’ म्हणतात. मूळ अरबी धातूचा अर्थ तोडणे, कापून वेगळे करणे. मराठीत आपण त्याला ‘महारोग’ म्हणत आलो. दोन्ही शब्दांत भीती आहे आणि ती भीती कायद्यातही उतरली होती.

१९३९ साली मुस्लिम विवाह विच्छेद कायदा झाला. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी फिक्हचा आधार घेऊन त्याची वाट आधीच मोकळी केली होती. पती चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे नफका देत नसेल, तर स्त्रीला न्यायालयात जाऊन निकाहातून सुटका मागता येऊ लागली. स्त्रियांच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. याच कारणांच्या यादीत पतीला कुष्ठरोग असणे हेही एक कारण होते.

त्या काळात ते समजण्यासारखे आहे. तेव्हा उपचार म्हणजे चालमोगऱ्याचे तेल. पोटात घेतले तर मळमळ, टोचून घेतले तर वेदना, आणि गुणाची खात्री नाही.

पण पुढच्या दोनच वर्षांत चित्र पालटू लागले. १९४१ साली अमेरिकेत लुइझियाना राज्यातील कारव्हिल येथे डॉ. गाय फॅजेट यांनी प्रोमिन हे औषध रुग्णांना टोचायला सुरुवात केली आणि जखमा भरू लागल्या. त्याच कुळातली डॅप्सोनची गोळी स्वस्त होती. मद्रासजवळ चिंगलपेट येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी डॅप्सोन वापरात आणले. मात्र ती गोळी वर्षानुवर्षे, अनेकांना जन्मभर घ्यावी लागे. १९६४ पर्यंत सिद्ध झाले की काही जंतू डॅप्सोनला दाद देत नाहीत.

म्हणून १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस केली. एका औषधातून वाचलेला जंतू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो, हे त्यामागचे साधे गणित. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, पण उपचार संपल्यावर रंग हळूहळू परततो. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्गाचा धोका उरत नाही. आज हा उपचार आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण होतो.

भारताने १९८३ पासून या बहुविध औषधोपचाराचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात राहिलेच, १९३९च्या कायद्यात आणि हिंदू विवाह कायद्यातही. २०१९ साली संसदेने पाच वैयक्तिक कायद्यांतून ते काढून टाकले.

१९३९च्या लोकांना दोष देता येत नाही, त्यांच्या हाती औषध नव्हते. औषध हाती असूनही गेलेल्या त्या छत्तीस वर्षांचा जाब मात्र आपण द्यायला हवा. कारण घर तुटेल या धास्तीने माणूस अंगावरचा बधिर चट्टा लपवतो, आणि लपवलेल्या चट्ट्यानेच पुढे बोटे जातात. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत मिळतात. चट्टा दाखवायला धीर मात्र घरच्यांनीच द्यावा लागतो.