संपाताचा पाडवा

पुणे जिल्ह्यातल्या राहू गावातल्या कुठल्याही मोकळ्या अंगणात २० किंवा २१ मार्चला एक सरळ काठी ओळंब्यात उभी करावी. इथे सूर्य ऐन मध्यान्ही येतो तेव्हा घड्याळात साधारण बारा चाळीस झालेले असतात. त्या वेळी काठीची सावली मोजली तर ती काठीच्या एक तृतीयांश भरते. तीन हात काठी असेल तर एक हात सावली. जुने ज्योतिषी बारा अंगुळांचा शंकू वापरत, म्हणून त्यांच्या हिशेबात पुण्यापासून राहूपर्यंतच्या पट्ट्याची ही सावली चार अंगुळांची. तिला ते पलभा म्हणत. गावाची पलभा हाती आली की अक्षांश, दिनमान, लग्नसाधन असं पुढचं सगळं गणित सुटत जायचं.

त्याच दिवशी सकाळपासून तासातासाला सावलीच्या टोकाशी एकेक खडा ठेवत गेलं, तर संध्याकाळी खड्यांची ओळ दोरी धरल्यासारखी सरळ पूर्व-पश्चिम दिसते. एरवी ही ओळ वाकते. उन्हाळ्यात एका अंगाला, हिवाळ्यात दुसऱ्या. वर्षात फक्त दोन संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या दिवसांच्या, आसपासच ती सरळ असते. एवढी स्पष्ट, कोणालाही अंगणात पडताळता येणारी गोष्ट घडत असताना तो दिवस आपल्या घरात सण म्हणून येत नाही, ही मला मोठी चुकल्यासारखी गोष्ट वाटते.

पाडवा आहे की, असं कोणीही म्हणेल. पण गुढीपाडवा चंद्राच्या हिशेबाने येतो. २०२४ साली तो ९ एप्रिलला आला, २०२६ साली १९ मार्चला. संपाताच्या अवतीभवती तो फिरत राहतो, त्यावर थांबत नाही. संपाताला लागून येणारा, सूर्याचा म्हणावा असा वर्षारंभही आपल्याकडे आहे. तो म्हणजे भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेतला १ चैत्र, २२ मार्च, आणि लीप वर्षात २१ मार्च. त्याची कुळकथा सांगायची तर बरीचशी महाराष्ट्रातच सांगावी लागते.

मूळ फार मागे आहे. वैदिक वाङ्मयात वसंताच्या दोन महिन्यांना मधु आणि माधव म्हटलं आहे. ही नावं ऋतूंची आहेत, नक्षत्रांची नाहीत. चैत्र, वैशाख ही नक्षत्रांवरून आलेली नावं पुढे रुळली. सिद्धांतग्रंथ रचले जात होते त्या काळात वसंतसंपात अश्विनीच्या आरंभाजवळ होता, म्हणजे सूर्य मेषेत शिरणं आणि दिवस-रात्र समान होणं हे जवळजवळ एकदमच घडे. पण पृथ्वीचा आस अतिशय मंद गतीने फिरतो. त्यामुळे संपात ताऱ्यांमधून मागे सरकतो, सुमारे ७२ वर्षांत एक अंश. आज हा फरक, म्हणजेच अयनांश, चोवीस अंशांच्या आसपास गेला आहे. मेषसंक्रांत म्हणून १३-१४ एप्रिलला येते आणि मकरसंक्रांत, जी कधीकाळी खऱ्या उत्तरायणाशी जुळत होती, ती १४-१५ जानेवारीला.

हे केवळ पंचांगकर्त्यांचं दुखणं नाही. भीमा आणि मुळा-मुठा यांच्यामधल्या राहू बेटातला शेतकरीही रोहिणी, मृग, आर्द्रा या सूर्याच्या नक्षत्रांवर पेरणीचा अंदाज बांधत आला. आज मृग ७-८ जूनला लागतो आणि पावसाशी जुळतो. पण अयनांश शून्य होते त्या काळात हाच मृग आजच्या मोजणीने मेच्या मध्यावर लागायचा. आणखी दीड हजार वर्षांनी तो जूनच्या अखेरीस लागेल, आणि पाऊस तर सूर्याच्या ऋतूप्रमाणेच येईल.

महाराष्ट्रात शतकानुशतके पंचांग बनत आलं ते कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून. तो ग्रंथ १५२० चा. किचकट त्रिकोणमिती टाळून गणित सोपं करणारं ते विलक्षण पुस्तक होतं. पण तीनशे वर्षांनी आकाश आणि कागद यांत अंतर पडू लागलं. १८६५ मध्ये केरो लक्ष्मण छत्रे यांनी आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने नव्या वेधांवर आधारलेलं पंचांग काढलं, तेच पटवर्धनी पंचांग. मग प्रश्न आणखी पुढे गेला. ग्रहांची स्थानं दुरुस्त केली, पण वर्षाचा आरंभ ताऱ्यांपासून मोजायचा की संपातापासून? ग्वाल्हेरला राहणारे विसाजी रघुनाथ लेले संपाताच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्यांना शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि जनार्दन बाळाजी मोडक मिळाले, आणि १८८४ च्या सुमारास सायन, म्हणजे संपातापासून मोजणारं, पंचांग छापून निघू लागलं.

दीक्षित दापोलीजवळच्या मुरूडचे, व्यवसायाने शिक्षक. १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास’ प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीत ते गेले. सण ऋतूंना धरून राहायचे असतील तर वर्ष संपातापासूनच मोजलं पाहिजे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. माझ्या मते या साऱ्या वादातलं ते सर्वांत स्वच्छ विधान आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये संपात एकेकाळी मृगशीर्षात होता हे दाखवून वेदांचा काळ मागे नेला. संपात सरकतो, हे त्यांच्यासारखं कोणी ओळखलं नसेल. तरी पंचांगात त्यांनी शुद्ध निरयन, म्हणजे ताऱ्यांपासून मोजण्याच्या, मताचीच बाजू धरली. १९०४ ला मुंबईत, १९१७ ला पुण्यात, १९२० ला सांगलीत पंचांगशोधनाच्या परिषदा झाल्या. चर्चा बरीचशी मोजणीसाठी चित्रा तारा धरायचा की रेवती, या चार अंशांच्या तंट्यात अडकली. परंपरेशी नातं न तोडता गणित सुधारायचं हा टिळकांचा हेतू समजतो. पण त्यात संपात मात्र सणातून बाहेरच राहिला.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हे काम हाती घेतलं तेव्हा देशभर सुमारे तीस पंचांगं चालत होती. नोव्हेंबर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी होते, पुण्याचे, ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते, उज्जैनचे र. वि. वैद्य होते. म्हणजे जुन्या मराठी वादाचे वारस त्या टेबलाभोवती बसले होते. १९५५ ला अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ रोजी १ चैत्र १८७९ उगवला. वर्ष संपातापासून सुरू, चैत्र तीस दिवसांचा, वैशाख ते भाद्रपद एकतीस दिवसांचे, पुढचे तीसचे. उन्हाळ्याच्या बाजूचे महिने मोठे, कारण त्या काळात पृथ्वी सूर्यापासून दूर असते आणि हळू चालते. लीप वर्षात चैत्रालाही एक दिवस जास्त मिळतो. इतकं सुटसुटीत पंचांग आपल्याला परंपरेने कधी मिळालं नव्हतं. लेले-दीक्षितांचं म्हणणं साठ-सत्तर वर्षांनी राजपत्रात आलं.

पण ते राजपत्रातच राहिलं. धार्मिक सण समितीने चंद्रावर आणि २३ अंश १५ कला या ठरावीक अयनांशावर ठेवले. गुढी एका दिवशी आणि सरकारचा चैत्र दुसऱ्या दिवशी, अशी वाटणी झाली.

गंमत अशी की, त्याच दशकात ब्रिटनमध्ये जेराल्ड गार्डनर, रॉस निकल्स आणि त्यांच्या सोबत्यांनी संपात, अयन आणि मधले दिवस मिळून आठ सणांचं वर्षचक्र बांधलं. त्यातल्या वसंतसंपाताला १९७४ च्या सुमारास अमेरिकेत एडन केली यांनी ओस्तारा हे नाव दिलं. जुन्या निसर्गपूजेला नव्याने उजाळा देणारी ही माणसं, स्वतःला पेगन म्हणवणारी, आज हा दिवस बहुधा घरातच साजरा करतात. एक मेणबत्ती, परळात पेरलेलं बी, रंगवलेली अंडी, खिडकीत फुलं. पुरोहित नाही, देऊळ नाही, मुहूर्त नाही. पुण्या-मुंबईचे पारशी-इराणी तर २१ मार्चला जमशेदी नवरोज पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. म्हणजे संपाताचा सण घरात येऊ शकतो, त्याला फक्त घराने बोलावलं पाहिजे.

राहू बेटात मार्चच्या या आठवड्यात बोलावण्याची सगळी सामग्री हाताशी असते. गहू खळ्यावर आलेला असतो. ऊस तोडणी उरकत येते. गुऱ्हाळात काहिलीखालचं चुलवण पेटलेलं असतं, गुळव्या पाकावरची मळी काढत उभा असतो आणि साच्यात ओतलेल्या ढेपा निवत असतात. कडुनिंबाला मोहोर येतो. गुढीच्या प्रसादात याच गोष्टी एकत्र येतात: कडुनिंब, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ओवा, हिंग, मीठ. सालगड्याचं वर्ष पाडव्याला संपतं आणि पाडव्यालाच नवं ठरतं, तेही या सुगीच्या हिशेबाने. ही सगळी सूर्याने पिकवलेली गोष्ट आहे.

पाडव्याची गुढी चंद्राच्याच दिवशी उभी राहावी, तिला कोणी हात लावू नये. २००४ मध्ये २१ मार्चला आणि २०२३ मध्ये २२ मार्चला तर दोन्ही चैत्र एकाच दिवशी आले होते. बाकीच्या वर्षी दोन सण करायला काय हरकत आहे? मार्चच्या २२ तारखेला अंगणात किंवा गच्चीवर काठी रोवा, मुलांना खडे मांडायला सांगा, बारा चाळीसला सावली मोजा. परळात गहू पेरा, गूळ-कडुनिंब वाटा. त्या दिवशीच्या पत्रावर १ चैत्र लिहा. धनादेशावरही ती तारीख लिहिता येते. राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे तारीख घातलेला धनादेश बँकांनी स्वीकारावा, असं रिझर्व्ह बँकेने कळवलेलं आहे.