गर्बर फाइलची कुळकथा

कीकॅड या सर्किट बोर्ड आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिला बोर्ड आखून झाला, डीआरसीने (आखणीच्या नियमांच्या तपासणीने) दाखवलेल्या चुका निस्तरल्या, की कारखान्यासाठी गर्बर फायली काढायच्या असतात. नवशिक्या बटण दाबतो, झिप करून पाठवतो. माझा आग्रह असा, की त्यातली एक फाइल आधी नोटपॅडमध्ये उघडावी. डी०१, डी०२, डी०३ ने संपणाऱ्या ओळींची रांग दिसते. ही एका जुन्या यंत्राला दिलेल्या आज्ञांची भाषा आहे.

हे यंत्र येण्यापूर्वी बोर्ड हाताने चिकटवत. पारदर्शक मायलार फिल्मवर पॅडसाठी टिकल्यांसारख्या काळ्या चकत्या आणि ट्रॅकसाठी अरुंद चिकटपट्ट्या. चित्र दुप्पट किंवा चौपट मोठं करायचं आणि कॅमेऱ्याने मूळ मापावर आणायचं. दोन बाजूंच्या बोर्डाला एकाच फिल्मवर लाल आणि निळी पट्टी वापरत, मग फिल्टर लावून दोन्ही बाजू वेगळ्या टिपत. एक ट्रॅक हलवायचा तर पट्टी सोलून काढा.

या फायलींना ज्याचं नाव मिळालं, तो जोसेफ गर्बर १९२४ साली व्हिएन्नात जन्मला. ज्यू असल्यामुळे नाझींच्या तावडीतून निसटून १९४० साली आईसोबत अमेरिकेत आला. (छापील सर्किटचा प्रवर्तक पॉल आयस्लरही व्हिएन्नाचाच ज्यू, १९३६ साली लंडनला गेलेला. या क्षेत्रावर निर्वासितांचं ऋण मोठं आहे.) विद्यार्थी असताना गर्बरने पायजम्याच्या इलॅस्टिकवर खुणा करून ताणता येणारी मोजपट्टी बनवली आणि तिच्याच बळावर १९४८ साली कनेक्टिकटमध्ये कंपनी उभी राहिली.

साठच्या दशकात त्याच कंपनीचा फोटोप्लॉटर आला, तेच ते जुनं यंत्र. अंधाऱ्या खोलीत फिल्म पसरलेली, वर सरकणारा दिवा, दिव्यापुढे वेगवेगळ्या आकारांच्या छिद्रांचं चाक. डी०१ म्हणजे दिवा चालू ठेवून सरक, म्हणजे ट्रॅक उमटतो. डी०२ म्हणजे दिवा बंद करून सरक. डी०३ म्हणजे थांबून एकदाच चमक, आणि पॅड उमटतं. डी१० पासूनचे आकडे म्हणजे चाकावरचं कोणतं छिद्र लावायचं ते.

मेख एकच होती. छिद्रांची यादी फाइलबाहेर, वेगळी पाठवावी लागे. तिच्यात एक आकडा चुकला की ट्रॅकची जाडी बिघडे आणि फिल्म वाया जाई. १९९८ च्या विस्तारित स्वरूपात ही यादी फाइलमध्येच आली.

आता लेझर आहे, चाक नाही, आज्ञा मात्र त्याच आहेत. म्हणून फाइल उघडलीत की ‘%एडीडी’ने सुरू होणाऱ्या ओळी आधी शोधा. तुम्ही ठरवलेली ट्रॅकची जाडी तिथे आकड्यात लिहिलेली असते. ती जुळते का, पाहून मगच झिप करा.